बाखचं आयुष्य संगीतातून रंगमंचावर: पहिल्यांदाच बसवणाऱ्यांसाठी

५ मे १७२३ या दिवशी जर्मनीतल्या लाइपझिग शहराच्या नगरपरिषदेसमोर संगीतकार योहान सेबास्टियन बाखने नोकरीच्या करारावर सही केली. त्यातल्या एका कलमात म्हटलं होतं, की चर्चमधलं संगीत फार लांबू नये, त्याला ऑपेराचा वास येऊ नये आणि ऐकणाऱ्यांच्या मनात त्याने भक्तिभाव जागवावा. बाखचं चरित्र गाण्या-वाजवण्यातून मांडायचं तुमच्या मनात असेल, तर हे कलम संहितेच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. नाटकीपणा टाळायची ज्याला लेखी ताकीद होती, त्याच्यावरच आपण प्रयोग बसवतो आहोत. कुठे थांबायचं, काय दाखवायचं नाही, हे मला दर वेळी याच कलमाने सांगितलं.

पुढच्या पायऱ्या लहान गटासाठी आहेत: आठ ते वीस माणसं, एक निवेदक, दोन-तीन वाद्यं आणि दीड तासाचा, मध्यंतराशिवायचा प्रयोग. पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण नसलेल्या पण ते ऐकायची ओढ असलेल्या नाट्यसंस्थेलाही तो करता येईल. वाजवणारी आणि गाणारी माणसं मात्र स्वरलेखन वाचता येणारीच हवीत.

पायरी पहिली: कागद वाचा, मग कल्पना करा

बाखची खासगी पत्रं फार थोडी उरली आहेत. रोजनिशी नाही, आत्मचरित्र नाही. जे आहे ते बरंचसं सरकारी आणि चर्चच्या दप्तरातलं: नेमणुका, तक्रारी, समज, पगाराच्या नोंदी. मृत्यूनंतर मुलगा कार्ल फिलिप इमानुएल आणि शिष्य आग्रिकोला यांनी लिहिलेला मृत्युलेख १७५४ मध्ये छापला गेला. १८०२ मध्ये फोर्केलने पहिलं चरित्र लिहिलं. नवख्या माणसाला हे तुटपुंजं वाटतं आणि तो कादंबऱ्यांकडे वळतो. इथे जपा. दुसऱ्या पत्नीच्या, आना माग्दालेनाच्या तोंडून लिहिलेली एक इंग्रजी कादंबरी १९२५ मध्ये निघाली आणि ती तिची खरीच आठवणवही आहे असं समजून कित्येकांनी त्यातली वाक्यं उचलली. तुमच्या संहितेत तिचं एखादं फार गोड वाक्य आलं असेल, तर ते कुठून आलं हे आधी तपासा.

वाचताना वहीत तीन रकाने करा. पहिल्यात कागदावर असलेलं, दुसऱ्यात घराण्यात सांगितलं गेलेलं, तिसऱ्यात नंतरच्या अभ्यासकांचा तर्क. उदाहरणार्थ, १७१७ मध्ये वायमारच्या दरबारातून सुटका मिळावी म्हणून बाखने फारच हट्ट धरला आणि ६ नोव्हेंबर ते २ डिसेंबर त्याला कैदेत ठेवलं, हे दरबारच्या चिटणिसाने नोंदवलं आहे: पहिला रकाना. थोरल्या भावाने कपाटात बंद ठेवलेलं स्वरलेखन पोरक्या सेबास्टियनने जाळीतून हात घालून काढलं आणि सहा महिने चांदण्यात बसून उतरवून घेतलं, हे मृत्युलेखात येतं, म्हणजे घरात सांगत आलेलं: दुसरा. एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेली डी मायनरमधली ‘शकोन’ ही रचना म्हणजे पहिल्या पत्नीचं सुरांतलं स्मारक आहे, हे तिसऱ्यात.

तिन्ही रकान्यांना रंगमंचावर जागा आहे, पण निवेदकाची क्रियापदं वेगळी हवीत. ‘झालं’, ‘असं सांगतात’, ‘काहींना असं वाटतं’. मराठी प्रेक्षकाला हा फरक लगेच कळतो. संतचरित्रं ऐकताना आपण तो लहानपणापासून करत आलो आहोत.

पायरी दुसरी: मुक्काम ठरवा

जन्म ते मृत्यू असा सगळा प्रवास दीड तासात मावत नाही. आयझेनाख, ओर्डरूफ, ल्यूनेबुर्ग, आर्नश्टाट, म्युलहाउझन, वायमार, क्योथेन, लाइपझिग ही नावं ओळीने म्हटली की प्रेक्षक तिसऱ्या गावातच हरवतो. पाच किंवा सहा प्रसंग घ्या. माझी निवड सांगते, तुमची वेगळी असू शकेल.

पहिला प्रसंग आर्नश्टाटचा. १७०५ च्या शरदात वीस वर्षांच्या या ऑर्गनवादकाने चार आठवड्यांची रजा घेतली आणि थोर ऑर्गनवादक डीटरिश बुक्स्टेहूडेला ऐकायला तो ल्यूबेकला गेला. मृत्युलेख म्हणतो, पायी गेला. अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आळंदी ते पंढरपूर दीड वेळा चालण्याहून जास्त. चार आठवड्यांचे जवळजवळ चार महिने झाले. फेब्रुवारी १७०६ मध्ये चर्चच्या मंडळाने जाब विचारला: इतके दिवस कुठे होतास? उत्तर नोंदलेलं आहे: आपल्या कलेतलं काही ना काही समजून घ्यायला ल्यूबेकला गेलो होतो. मग मंडळाने दुसरी तक्रार काढली, की तो प्रार्थनागीतांमध्ये विचित्र सूर आणि वळणं घालतो, लोक गोंधळून जातात. नाटककाराला आयतं मिळालेलं दृश्य आहे हे. संवाद रचायला जाऊ नका, दप्तरातली प्रश्नोत्तरंच दोन आवाजांत वाचा. लगेच एक साधं प्रार्थनागीत वृंदाने एकदा सरळ गावं, मग वाद्यावर त्याचंच बाखने केलेलं रूप वाजावं. मंडळाचं म्हणणं काय होतं, हे प्रेक्षक कानांनी समजून घेतो.

वायमारच्या कैदेवर मी दोन मिनिटांपेक्षा जास्त घालवत नाही. दृश्य म्हणून ती मोहात पाडते, पण तिच्याशी खात्रीने जोडता येईल असं संगीत हाती नाही.

क्योथेन मात्र सावकाश सांगा. १७१७ अखेरीपासून बाख राजपुत्र लिओपोल्डकडे होता. राजपुत्र संगीतवेडा, पण कॅल्व्हिनच्या पंथाचा, त्यामुळे त्याच्या चर्चमध्ये विस्तृत संगीताला वावच नव्हता. आपला ‘भक्त’ संगीतकार या पाच वर्षांत मुख्यतः वाद्यसंगीत लिहितो. १७२१ मध्ये अर्पण केलेले ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टो इथले, १७२२ चा ‘वेल-टेम्पर्ड क्लाविअर’चा पहिला भाग इथला. २२ जानेवारी १७२० रोजी त्याने नऊ वर्षांच्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडमानसाठी, एक वही सुरू केली. कोणतं बोट कुठे ठेवायचं, इथपासून शिकवणारी ही पोराची वही, आणि तिच्या आरंभी तीन अक्षरं: आय, एन, जे, लॅटिनमध्ये ‘येशूच्या नावाने’. आपण वहीवर ‘श्री’ लिहितो तसं. मला बाखची श्रद्धा समजली ती येशूच्या मृत्यूची कथा गाणाऱ्या मोठ्या पॅशन-रचनांपेक्षा या तीन अक्षरांतून.

त्याच वर्षी जुलैत तो राजपुत्राबरोबर कार्ल्सबाडला होता. परत आला तेव्हा पहिली पत्नी मारिया बार्बरा वारली होती आणि तिचं दफनही उरकलं होतं. मृत्युलेखात मुलगा लिहितो, की ती आजारी होती आणि गेली ही बातमी वडिलांना घरात पाऊल टाकल्यावरच कळली. हे सांगून निवेदकाने बाजूला व्हावं. यानंतर शकोन वाजवायची असेल तर पूर्ण वाजवा, साधारण चौदा मिनिटं. तेवढा तयारीचा व्हायोलिनवादक नसेल, तर तिचा तुकडा कापू नका. फ्रीडमानच्या वहीतला सोपा प्रील्यूड एखाद्या लहान मुलाने वाजवावा. मी दोन्ही करून पाहिलं आहे. मुलगा वाजवायला बसला तेव्हा सभागृह जास्त शांत झालं होतं.

चौथा प्रसंग लाइपझिगची नोकरी. १७२३ च्या निवडीत बाख पहिली पसंती नव्हता. संगीतकार टेलेमान आला नाही, दुसऱ्या, ग्राउपनरला त्याच्या मालकाने सोडलं नाही. उत्तम मिळत नाही तर मध्यम घ्यावं लागेल, अशा अर्थाचे एका सभासदाचे शब्द दप्तरात आहेत. पुढे रविवार आला की कँटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यांसाठीची अनेक भागांची रचना, हवा. रचायचा, वाद्यागणिक कागद उतरवून घ्यायचे, मुलांकडून बसवायचा. ७ एप्रिल १७२४ च्या गुड फ्रायडेला ‘सेंट जॉन पॅशन’ सादर झालं, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते ११ एप्रिल १७२७ ला ‘सेंट मॅथ्यू पॅशन’. १७३० मध्ये परिषदेत कोणीतरी म्हणालं, की हा कँटर (चर्चच्या गाण्याचा प्रमुख) काही करतच नाही. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला बाखने शाळासोबती एर्डमानला पत्र लिहिलं: हवा चांगली असली की लोक मरत नाहीत, त्यामुळे अंत्यविधींचं मानधन बुडतं, मागच्या वर्षी शंभर थालरहून जास्त तोटा झाला. आणि त्याच पत्रात, मुलं सगळी जन्मजात संगीतकार आहेत, बायको छान स्वच्छ सोप्रानो (वरच्या पट्टीतल्या आवाजात) गाते, घरच्या घरी मैफल उभी करता येते. हे पत्र जवळजवळ पूर्ण वाचून दाखवा. संसाराची ओढाताण आणि घरचं गाणं एका कागदावर आलेलं असं दुसरं काही या चरित्रात नाही.

पाचवा प्रसंग घरचाच, आना माग्दालेनाच्या १७२५ च्या वहीतून. सहावा शेवटचा, त्याबद्दल नंतर.

मध्ये कुठेतरी मोकळा श्वास हवा. १७३४ च्या सुमाराचा कॉफी कँटाटा त्यासाठी आहे. कॉफी सोडायला तयार नसलेली मुलगी आणि चिडलेला बाप. १७२९ पासून बाख ज्या वादकमंडळाचा प्रमुख होता, ते झिमरमानच्या कॉफीघरात जमायचं. एक आरिया, म्हणजे त्यातलं एकट्याने गायचं एक गाणं, पुरेशी.

पायरी तिसरी: मूळपद शोधा

कीर्तनकार आख्यान लावतो तेव्हा मूळपद आधी म्हणतो, कथेत फिरतो आणि पुन्हा तिथेच येतो. दर वेळी ते पद थोडं जास्त उमगतं. बाखच्या चरित्राला असंच एक पद लागतं, आणि ते त्याने स्वतःच आपल्यासाठी ठेवलं आहे.

लुथरच्या पंथात सगळ्या सभेने मिळून गायची साधी प्रार्थनागीतं असतात, त्यांना कोराल म्हणतात. ‘सेंट मॅथ्यू पॅशन’मध्ये एकाच कोरालची चाल पाच वेळा येते. जर्मनांना ती ‘ओ हाउप्ट फोल ब्लूट उंड वुंडन’ या शब्दांनी माहीत आहे: हे रक्ताने माखलेल्या, जखमांनी भरलेल्या मस्तका. चाल मुळात हान्स लिओ हासलरच्या १६०१ च्या एका प्रेमगीताची. शब्द बदलून ती चर्चमध्ये आली. नाट्यपदांच्या चाली भजनात शिरलेल्या आपण पाहिल्या आहेत, तेव्हा याचं नवल वाटू नये. पाचही वेळा वरची चाल जवळपास तीच; पहिल्या दोन वेळा मांडणीही तीच, फक्त दुसऱ्यांदा अर्धा सूर खाली, पण पुढे खालच्या तीन आवाजांची मांडणी बाख बदलत जातो. पाचवी, येशूच्या मृत्यूनंतर लगेच येणारी, अंगावर काटा आणते. शब्द आहेत: मी जेव्हा निघेन, तेव्हा तू मला सोडून जाऊ नकोस.

प्रत्येक प्रसंगानंतर यातली एकेक मांडणी गाऊन घ्या. एकेक दीड मिनिटाच्या आतबाहेर. पहिल्यांदा प्रेक्षकाला ती फक्त एक गंभीर चाल वाटेल. चौथ्या वेळी लोक ती मनात गुणगुणत असतात. वृंद कच्चा असेल तर हेच पाच तुकडे पक्के करा, बाकीचं वाद्यांवर सोपवा.

निवडताना काही रचनांपासून सावध. आना माग्दालेनाच्या वहीतला पियानो शिकणाऱ्या प्रत्येकाने वाजवलेला जी मेजरमधला मिन्युएट बाखचा नाही, ख्रिस्टियान पेट्झोल्डचा आहे. त्याच वहीतलं लग्नात गायलं जाणारं ‘बिस्ट दू बाय मिर’ स्ट्योल्झेलचं. वहीत आहेत म्हणून घ्यायला हरकत नाही, पण कर्ता सांगा. डी मायनरमधली प्रसिद्ध टोकाटा मात्र टाळाच. ती बाखचीच का, यावर अभ्यासकांत शंका आहे, आणि ती सुरू झाली की प्रेक्षकाला भुताचे सिनेमे आठवतात.

त्याच वहीत ‘इख हाबे गेनुक’ या १७२७ च्या कँटाटातली झोपेची आरिया उतरवलेली आहे: मिटा, थकलेल्या डोळ्यांनो. मूळ बास आवाजाची रचना, घरातल्या वहीत सोप्रानोसाठी आली आहे. बाखची एकूण वीस मुलं, त्यातली दहा मोठी झाली. आना माग्दालेनाच्या तेरांपैकी सात लहानपणीच गेली. हे आकडे निवेदकाने सपाट आवाजात सांगावेत आणि गायिकेने ही आरिया गावी. यापलीकडे अभिनय नको.

पायरी चौथी: बाखला उभं करू नका

पहिल्या प्रयोगात मी एका नटाला विग घालून बाख केला होता. नट चांगला होता. तरी लोक नंतर विगबद्दलच बोलत होते आणि मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून बाख रंगमंचावर येत नाही. त्याचं संगीत तिथे असताना माणूस लागत नाही.

त्याऐवजी दोन माणसं. एक निवेदक, उभा राहून सांगणारा, साध्या कपड्यांत. दुसरा लेखनिक: डाव्या बाजूला टेबल, बोरू, शाईची दौत, कागद. तो पूर्ण दीड तास स्वरलेखन उतरवत बसतो. लाइपझिगच्या घरात बायको, मुलं, शिष्य असे सगळे रविवारच्या आत प्रत्येक आवाजाचे आणि वाद्याचे कागद तयार करायला बसत. बाखच्या एकट्या चेलोसाठीच्या सहा सूट्सचं मूळ हस्तलिखित हरवलं, आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः आना माग्दालेनाच्या हातची प्रत. लेखनिकाची भूमिका म्हणूनच स्त्रीने करावी असं मला वाटतं. ती काही बोलत नाही. मधूनच एखादा कागद उचलून गायकाला नेऊन देते, आणि गायक त्यावरूनच गातो.

सुरुवातीला तिने कागदाच्या माथ्यावर ‘जे. जे.’ लिहावं: येशू, साहाय्य कर. बाख बऱ्याच रचनांच्या आरंभी हे लिहायचा, शेवटी ‘एस. डी. जी.’: केवळ देवाचा गौरव. पडद्यावर ही अक्षरं मोठी करून दाखवली की पुरे.

एक नियम मात्र पाळाच. निवेदनाखाली संगीत वाजवायचं नाही. बोलणं चालू असताना मागे हळूच चेलो लावायचा मोह प्रत्येक दिग्दर्शकाला होतो. बाखचं संगीत पार्श्वभूमीला गेलं की ते सजावट होतं, आणि मग चरित्र पुन्हा शब्दांनाच सांगावं लागतं. बोलणं थांबू द्या, दोन श्वास जाऊ द्या, मग सूर. संहितेत एकूण बोलणं पस्तीस मिनिटांच्या वर जात असेल तर कापा.

पायरी पाचवी: माणसं आणि वाद्यं जमवा

चार आवाजांना दोन-दोन, म्हणजे आठ गायक, कोरालांना पुरतात. बाखने स्वतः १७३० च्या टिपणात परिषदेला लिहिलं होतं, की प्रत्येक वृंदात निदान बारा, सोळा असले तर उत्तम. शिवाय एक व्हायोलिन, एक चेलो, एक कळफलक.

मुंबईत पाश्चात्त्य वादक शोधायला अवघड जात नाही. २००६ मध्ये सुरू झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया एनसीपीएत आहे, त्याच्या आसपास शिकणारी-शिकवणारी माणसं बरीच. गोव्यात तर चर्चच्या शाळांमधून स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवायची परंपरा पोर्तुगीज काळापासूनची, आणि पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. पुणे, नाशिक, अहिल्यानगर, कोल्हापूर इथल्या चर्चमधल्या वृंदांना विचारा. चार आवाजांत गाणारी माणसं तिथे सापडतात आणि ती हे काम मनापासून करतात.

हार्पसिकॉर्ड किंवा पाइप ऑर्गन मिळाला नाही तर थांबू नका. चांगला डिजिटल कळफलक, ऑर्गनच्या साध्या आवाजावर, चालतो. जुन्या पद्धतीचे वादक हल्ली ए हा सूर ४१५ हर्ट्झवर लावतात, आजच्या ४४० पेक्षा साधारण अर्धा सूर खाली. डिजिटल वाद्यावर हे एका बटणाने होतं, आणि कच्च्या सोप्रानोंना वरच्या सुरांत दिलासा मिळतो. पण व्हायोलिन आणि चेलोलाही खाली उतरावं लागेल, हे आधी बोलून घ्या. आतड्याच्या तारा वापरणारा वादक मिळाला तर पावसाळ्यात प्रयोग ठेवू नका. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत तारा दर दहा मिनिटांनी उतरतात.

बाखच्या संगीतावर कोणाचा हक्क उरलेला नाही, पण नव्या संपादित आवृत्त्यांवर असतो. १८५१ ते १८९९ दरम्यान बाख-गेझेलशाफ्टने छापलेली समग्र आवृत्ती मुक्त आहे, तीवरून कागद काढा. नव्या आवृत्तीत जुनीतल्या चुका दुरुस्त केलेल्या असतात, म्हणून जमलं तर ती विकत घेऊन ताडून पाहा.

पायरी सहावी: भाषा

गाणं जर्मनमध्ये, निवेदन मराठीत, अर्थ पडद्यावर. कोरालांना मराठी शब्द बसवून पाहिले, पण बाखने प्रत्येक जर्मन शब्दाखाली विशिष्ट सुरावट ठेवलेली असते. ‘मृत्यू’वर आलेला कडवट स्वरमेळ भाषांतरात ‘आणि’वर पडला की सगळं बिघडतं. पडद्यावर ओवीबद्ध भाषांतर नको, दोन साध्या ओळी पुरेत. जर्मन उच्चारांसाठी पहिले दोन आठवडे सूर न लावता फक्त शब्द म्हणा. ‘इख’ आणि ‘नाख्ट’मधले दोन ‘ख’ वेगळे आहेत, हे कोणा जर्मन जाणणाऱ्याकडून ऐकूनच शिका.

संगीताची एखादी खूण मात्र थेट मराठीत समजावता येते. जर्मन स्वरनावांत ‘बी’ म्हणजे आपण ज्याला बी फ्लॅट म्हणतो तो, आणि ‘एच’ म्हणजे साधा बी. म्हणून बी-ए-सी-एच हे आडनाव चार सुरांत वाजतं. पेटीवर पांढरी एक सा धरा: कोमल नी, शुद्ध ध, तार सा, शुद्ध नी. काळी पाच, मग तिच्या डावीकडची पांढरी, मग वरचा सा, मग त्याच्या आधीची पांढरी. निवेदकाने हे पेटीवर वाजवून दाखवावं. दोन्ही निषाद आपल्या कानांना खमाजात, देसात भेटलेले असतात. इथे ते इतके जवळ आले की अस्वस्थ वाटतं, आणि ते वाटायलाच हवं. शेवटच्या दृश्यासाठी ही पेरणी आहे.

पायरी सातवी: श्रद्धा झाकू नका, लादू नका

आपल्या प्रेक्षकांत बहुतेक जण ख्रिस्ती नसणार. म्हणून काही गट येशूचे उल्लेख गाळतात आणि बाखला नुसता थोर वाद्यकार करतात. तसं केलं तर माणूसच उरत नाही. त्याच्याकडे आब्राहाम कालोवच्या टीकेसह बायबलचे तीन मोठे खंड होते, त्यावर १७३३ साल घातलेली त्याची सही आहे. १९३४ मध्ये ते अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या एका घरात सापडले, आता सेंट लुइसच्या कॉन्कॉर्डिया सेमिनरीत आहेत. मंदिराच्या समारंभात वादक आणि गायक एका सुरात आले तेव्हा देवाचं तेज मंदिरात भरलं, या जुन्या करारातल्या ओळीशेजारी बाखने समासात लिहिलं आहे: भक्तिभावाने केलेल्या संगीतात देव आपल्या कृपेने सदैव हजर असतो. वारकरी प्रेक्षकाला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. ते पडद्यावर आलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी हात जोडले होते.

दुसरी बाजूही पाहा. ‘सेंट जॉन पॅशन’मध्ये जमाव ओरडतो तिथे मजकूर त्या जमावाला ‘यहुदी’ म्हणतो. युरोपात यहुद्यांचं पुढे जे झालं ते माहीत असताना हा तुकडा संदर्भाशिवाय गाणं मला पटत नाही. नवख्या गटाने तो न घेतलेला बरा.

प्रयोग चर्चमध्ये असेल तर फादर किंवा पास्टरना संहिता आधी दाखवा. सभागृहात असेल तर एवढंच सांगा, की टाळ्या शेवटी.

पायरी आठवी: तालमी

तीन महिने धरा. पहिला महिना फक्त कोराल, वाद्यांशिवाय. दुसऱ्यात वाद्यं आणि एकट्याच्या आरिया. निवेदकाला पहिल्या तालमीपासून बसवा, संगीत पाठ झालेला निवेदकच योग्य क्षणी गप्प होतो. शेवटच्या महिन्यात लेखनिकेच्या हालचाली आणि प्रकाश. प्रकाश कमीच असू द्या, पण गायकांच्या कागदांवर पुरेसा पडतो का हे रंगीत तालमीत प्रत्येकाला विचारून पाहा. मेणबत्त्यांना बऱ्याच सभागृहांत परवानगी नसते, टेबलावर पिवळा विजेचा दिवा चालतो.

शेवटची पायरी: शेवट

१७५० च्या मार्च-एप्रिलमध्ये इंग्रज डॉक्टर जॉन टेलरने बाखच्या डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया केली. दृष्टी परत आली नाही, प्रकृती ढासळली आणि २८ जुलैला तो गेला. ‘आर्ट ऑफ फ्यूग’च्या हस्तलिखितातला शेवटचा फ्यूग (एकामागोमाग एक आवाज तोच विषय घेत जातात अशी रचना) २३९ व्या मात्राखंडात तुटतो. त्याच्या थोडंच आधी तिसरा विषय म्हणून तेच चार सूर आलेले असतात: बी, ए, सी, एच. मुलाने कागदावर लिहून ठेवलं, की जिथे ‘बाख’ हे नाव गुंफलं गेलं तिथेच रचनाकार वारला. हस्ताक्षर पाहणारे अभ्यासक म्हणतात, हा भाग मृत्यूच्या बराच आधी लिहिलेला असावा. दोन्ही गोष्टी सांगा. आधी सांगा, नंतर नाही.

मग कळफलकवादकाने ते चार सूर येण्याच्या थोडं अलीकडून सुरुवात करावी आणि तुटतो तिथेच हात उचलावेत. मात्रा पूर्ण करू नका, शेवटचा स्वर लांबवू नका. प्रकाश तसाच राहू द्या. मनात वीसपर्यंत मोजा. लेखनिकेचं लिहिणंही थांबलेलं असावं.

त्यानंतर निवेदकाने बाखच्या मृत्यूनंतर झालेली घरातल्या वस्तूंची यादी वाचावी: कळफलकाची वाद्यं, व्हायोलिनं, कॉफीची भांडी, लुथरचे ग्रंथ, कालोवचे तीन खंड. एकेक वस्तू, मध्ये थांबत. कॉफीच्या भांड्यांपाशी काही जण हलकेच हसतात, हसू द्या. यादीनंतर एकच वाक्य: आना माग्दालेना दहा वर्षं मागे राहिली आणि १७६० मध्ये गेली, तेव्हा दप्तरात तिची नोंद दानावर जगणारी बाई अशी झाली.

आता कोरालची पाचवी मांडणी, वाद्यांशिवाय, जमेल तितकी हळू. गायक संपेपर्यंत निवेदक रंगमंचावर नसावा. लेखनिकेने शेवटच्या कागदावर बारीक वाळू टाकावी, झटकावी, कागद टेबलावर सरळ करून ठेवावा, दिवा उचलावा आणि विंगेत जावं. पडदा पाडू नका, टेबल लोकांना दिसत राहू द्या.